गाडी पाण्यातून निघाली. पाणी गाडीतून निघाले का?

पावसाळा सरला की गोव्यातील गॅरेजांसमोर गाड्यांची रांग लागते. ब्रेक करकरतात, वायपर घासतात, आसनांखालच्या गालिच्याला कुबट वास येतो, दरवाजाच्या खालच्या कडेला गंज दिसू लागतो. या तक्रारी डोळ्यांना, नाकाला आणि कानाला जाणवणाऱ्या असल्याने त्यांची दखल लगेच घेतली जाते. पण चार महिन्यांत ज्या भागाने सर्वाधिक वेळा पाण्यात बुडी मारलेली असते, त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. जीप, पिकअप, टेम्पो किंवा टिपरच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा एक फुगीर गोळा असतो. त्यात डिफरेन्शिअलचे दातेरी चक्र आणि पिनियन दाट तेलात फिरत असतात. हे तेल काढून पाहणे अवघ्या अर्ध्या तासाचे काम आहे. ते होत नाही, कारण तेथे बिघाड झाला तरी तो दोन-तीन महिने बोलत नाही.

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि सह्याद्रीच्या पायथ्याला असलेल्या सत्तरी, धारबांदोडा, सांगे या तालुक्यांत तो त्याहून बराच अधिक असतो. 23 जुलै 2021 रोजी म्हादई आणि तिच्या उपनद्यांना आलेल्या पुराचे वर्णन मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी 1982 नंतरचा सर्वांत मोठा पूर असे केले होते. त्या पुरानंतरच्या पंचनाम्यांत घरे, बागायती, गुरे यांची नोंद झाली आणि ते योग्यच होते. गाड्यांच्या बाबतीत मात्र चर्चा इंजिनापाशीच थांबली. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये, ही गोष्ट आता बहुतेकांना ठाऊक आहे. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पण जी गाडी बंद पडली नाही, गुडघाभर पाण्यातून डौलाने बाहेर आली आणि मालकाने सुटकेचा निःश्वास टाकून थेट घरी नेली, तिचे काय?

ती गाडी कदाचित अधिक धोक्यात असते.

पाणी आत शिरते कसे, हे समजून घेतल्याशिवाय हा धोका पटत नाही. तीस-चाळीस किलोमीटर धावलेल्या गाडीचा ॲक्सल हात ठेववणार नाही इतका तापलेला असतो. आतील तेलासोबत आतील हवाही तापते आणि प्रसरण पावते. ही जादा हवा बाहेर पडावी म्हणून ॲक्सलच्या वर बोटाच्या पेराएवढी एक झडप असते, तिला ब्रीदर म्हणतात. असा तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात शिरला की काही क्षणांत उलटे घडते. 85 अंश सेल्सिअसची हवा 30 अंशांपर्यंत थंड झाली तर तिचे आकारमान सुमारे पंधरा टक्क्यांनी घटते. ही पोकळी भरून काढण्यासाठी ॲक्सल बाहेरून काही तरी ओढून घेतो. एरवी तो ब्रीदरमधून हवा घेईल. पण त्या क्षणी ब्रीदर पाण्याखाली असतो, किंवा खाणपट्ट्यातील तांबड्या मातीने केव्हाच बुजलेला असतो. मग ओढ बसते ती चाकांकडच्या आणि पिनियनजवळच्या ऑइल सीलवर. हे सील आतील तेल बाहेर जाऊ नये म्हणून बनवलेले असतात. बाहेरचे पाणी आत येऊ नये, ही त्यांची मुख्य जबाबदारी नव्हे. त्यांची ओठासारखी कड आतल्या बाजूला वळलेली असते. जुन्या, कडक झालेल्या सीलमधून घोटभर पाणी सहज आत येते.

घोटभर पाण्याने काय होणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु डिफरेन्शिअलमधील दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, ते प्रचंड दाबाखाली एकमेकांवरून घसरतात. या घसरणीत धातूला धातू भिडू नये म्हणून या तेलात गंधक आणि फॉस्फरसयुक्त द्रव्ये घातलेली असतात. 80डब्ल्यू-90 किंवा 85डब्ल्यू-140 असे लिहिलेल्या आणि जीएल-5 दर्जाच्या डब्याचे झाकण उघडल्यावर जो उग्र वास येतो, तो या गंधकाचाच. पाणी मिसळले की तेलाचा थर तुटतो, फेस होतो, बेअरिंगच्या गुळगुळीत पृष्ठभागावर गंजाचे ठिपके पडतात आणि प्रत्येक ठिपका पुढे खड्डा बनतो. गाडी उभी असताना पाणी तळाशी बसते आणि गंज आपले काम शांतपणे करीत राहतो. म्हणूनच जुलैमध्ये ओढा ओलांडलेल्या गाडीचा ॲक्सल डिसेंबरात, चोर्ला किंवा अनमोड घाटाच्या चढणीवर, मालाने भरलेली असताना घुमू लागतो. तोवर मालकाला जुलैतला तो ओढा आठवतही नाही. मेकॅनिक म्हणतो, क्राउन-पिनियन गेले. मालक म्हणतो, कंपनीचा माल खराब. काही शे रुपयांच्या तेलाचे काम कित्येक हजारांवर गेलेले असते.

गोव्याच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते, ती खाऱ्या पाण्याची. मांडवीला भरती असताना मोठा पाऊस झाला तर पणजीत मळा भागात आणि 18 जून मार्गावर पाणी तुंबते, हे दर वर्षीचे दृश्य आहे. नाल्यांचे पाणी नदीत जाऊ शकत नाही आणि नदीचे खारे पाणी नाल्यांत चढते. खाजन शेतीच्या बांधांवरून जाणाऱ्या रस्त्यांचीही गत तीच. हे मचूळ पाणी ओढ्याच्या गोड्या पाण्यापेक्षा लोखंडाला कितीतरी अधिक वेगाने खाते. किनाऱ्यावर गाडी नेऊन लाटांत चित्रफिती काढणाऱ्या पर्यटकांविषयी वेगळे लिहायला नको. किनाऱ्यांवर वाहने नेण्यास मनाई असूनही वाळूत रुतलेली भाड्याची गाडी ट्रॅक्टरने ओढून काढली जात असल्याच्या बातम्या येतच असतात. पोलीस गुन्हा नोंदवतात, दंड होतो, गाडी धुतली जाते आणि दोन दिवसांनी ती दुसऱ्या कुटुंबाला भाड्याने दिली जाते. त्या दोन दिवसांत तिच्या ॲक्सलचा किंवा गिअरबॉक्सचा प्लग कोणी उघडला का, हा प्रश्न ना पंचनाम्यात असतो, ना भाडेपट्टीच्या कागदावर. पुढच्या कुटुंबाने तो विचारावा, अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे होईल.

दूधसागरच्या वाटेवर

पाण्यातून गाडी नेणे हा जेथे अपघात नसून रोजचा धंदा आहे, असे ठिकाण म्हणजे कुळे. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून दूधसागर धबधब्याच्या पायथ्यापर्यंत जाणारी दहा-बारा किलोमीटरची कच्ची वाट वाटेत ओढ्यांच्या पात्रांतूनच जाते. पावसाळ्यात ही वाट बंद असते. ऑक्टोबरच्या सुमारास ती उघडते, तेव्हा पात्रांत पाणी भरपूर असते. जीपच्या पायऱ्यांना लागणारे, कधी त्याच्याही वर येणारे. 14 ऑक्टोबर 2022 रोजी मुसळधार पावसाने धबधब्याजवळचा छोटा पूल वाहून गेला आणि चाळीसहून अधिक पर्यटकांना जीवरक्षकांनी सुखरूप बाहेर काढले, ही घटना अनेकांच्या स्मरणात असेल. हंगामाच्या सुरुवातीचे पाणी किती बेभरवशाचे असते, हे त्यातून दिसले.

या वाटेवरची प्रत्येक जीप जाताना आणि येताना, प्रत्येक पात्रात, तापलेला ॲक्सल गार पाण्यात बुडवते. शहरातली गाडी वर्षातून दोनदा पाण्यात जात असेल, तर येथली दिवसाकाठी चार-सहा वेळा जाते. त्यामुळे अनुभवी चालकांना हा विषय पुस्तकातून शिकावा लागत नाही. पाण्याच्या काठावर क्षणभर थांबून मग हळू शिरणे, मध्ये गिअर न बदलणे, बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत चाके कोरडी करणे या गोष्टी त्यांच्या अंगवळणी पडलेल्या असतात. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचे टोक बॉनेटखाली किंवा बॉडीच्या वरच्या भागापर्यंत नेण्याची युक्ती तर या व्यवहारातील सर्वांत स्वस्त विमा म्हणावी लागेल. हात-दीड हात नळी, दोन क्लिपा. ज्या जीपला ही नळी आहे, तिचा ॲक्सल पाण्याऐवजी हवा ओढतो.

अडचण आहे ती व्यक्तीच्या ज्ञानाची नव्हे, व्यवस्थेच्या सवयीची. जीपना पाळीनुसार फेऱ्या मिळतात. हंगाम सात-आठ महिन्यांचा, त्यात दिवाळी, नाताळ आणि शनिवार-रविवार एवढेच काय ते भरघोस कमाईचे दिवस. तपासणीसाठी गाडी एक दिवस उभी केली तर पाळी जाते. त्यामुळे 'आवाज आल्यावर बघू' हे धोरण आळसातून येत नाही, हिशेबातून येते. या व्यवसायाविषयी गेल्या काही वर्षांत जे वाद झाले, ते बुकिंग कोणी करायचे, काउंटर कोणाचा, दर किती, यांवर झाले. ते प्रश्न पोटाचे असल्याने महत्त्वाचे आहेतच. सुरक्षेचा विषय निघतो तेव्हा लाइफ जॅकेटवर येऊन थांबतो. वाहतूक खात्याच्या फिटनेस तपासणीत ब्रेक, दिवे, स्टीअरिंग, टायर, धूर पाहिला जातो. ॲक्सलचा प्लग उघडून तेलाचा रंग पाहणे हा त्या तपासणीचा भाग नाही. सर्वसाधारण वाहनांच्या बाबतीत ते ठीक आहे. रोज नदी ओलांडून सात-सात प्रवासी नेणाऱ्या वाहनाला मात्र सर्वसाधारण म्हणता येणार नाही.

आणि येथे प्रश्न केवळ जीपमालकाच्या खिशाचा राहत नाही. ज्या सीलमधून पाणी आत येते, त्याच सीलमधून तेल बाहेर जाते. दूधसागरची ही नदी पुढे खांडेपार नदीला मिळते, आणि खांडेपारच्या काठी ओपा येथील जलशुद्धीकरण प्रकल्पातून फोंडा व तिसवाडी तालुक्यांना पिण्याचे पाणी पुरवले जाते. म्हणजे अभयारण्यातील ओढ्यावर तरंगणारा इंद्रधनुषी तवंग हा पणजीकराच्या दृष्टीने दूरच्या जंगलातला विषय नाही. एका जीपमधून झिरपणाऱ्या चार थेंबांनी ओपाचे पाणी दूषित होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. नदीचा प्रवाह मोठा आहे आणि प्रकल्प आपले काम करतो. पण वाटेत मासे आहेत, बेडूक आहेत, पाणवठ्यावर येणारी जनावरे आहेत. अभयारण्यात प्लास्टिकची बाटली नेऊ न देणारी व्यवस्था गळक्या ॲक्सलकडे काणाडोळा करते, हा विरोधाभास तरी मान्य करायला हवा.

उपाय भव्य नाही. कुळे येथे सिमेंटचा एक चर किंवा दोन उतरंडी असलेला चौथरा, ज्यावर जीप समतल उभी राहील आणि खाली माणूस शिरू शकेल. वापरलेले तेल साठवण्यासाठी झाकणाचा पिंप. आणि हंगामाच्या आरंभी एकदा व नंतर दर महिन्याला प्रत्येक जीपची नोंद. ज्या दिवशी तपासणी, त्या दिवशीची पाळी बुडणार नाही एवढी हमी जर संघटना आणि प्रशासन यांनी मिळून दिली, तर विरोध करण्याचे कारण उरत नाही. पर्यटकांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कांच्या तुलनेत हा खर्च नगण्य ठरेल.

तपासायचे कसे

घरच्या गाडीबाबत हे काम स्वतः करणे अवघड नाही. निदान गॅरेजमध्ये उभे राहून करवून घेण्याइतकी माहिती असावी. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड किंवा ओंडके लावावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. पाण्यातून आल्यावर लगेच तपासण्यापेक्षा रात्रभर उभी ठेवून सकाळी तपासलेले बरे, कारण पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते तोवर तळाशी जमते. ॲक्सलला दोन प्लग असतात. वरचा तेल भरण्याचा, खालचा काढण्याचा. आधी वरचाच उघडायचा. ही क्रमाची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण खालचा प्लग उघडून तेल सांडल्यावर वरचा गंजून बसल्याचे लक्षात आले, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही.

वरच्या भोकात करंगळी वाकवून घातली असता तेल भोकाच्या काठाशी लागले पाहिजे. लागलेच नाही तर गळती आहे. उलट प्लग काढताच तेल बाहेर वाहू लागले, तर आनंद मानू नये. पातळी आपोआप वाढत नसते, आत पाणी आलेले असते. मग खालचा प्लग अगदी किंचित सैल करावा. पाणी असेल तर पहिले थेंब त्याचेच पडतात. गाडी नुकतीच धावलेली असेल तर पाणी आणि तेल घुसळून एकजीव झालेले असते, आणि तेलाचा रंग दूध घातलेल्या चहासारखा दिसतो. नवे तेल मधासारखे, जुने काळपट तपकिरी. हे दोन्ही चालण्याजोगे. चहाचा रंग मात्र एक किलोमीटरही चालवून घेण्याजोगा नसतो. शंका असल्यास चमचाभर तेल जुन्या पत्र्यावर घेऊन, डोळे व चेहरा दूर ठेवून, खालून तापवावे. पाण्याचा अंश असेल तर ते फोडणीतल्या मोहरीसारखे तडतडते. काही गाड्यांत खालच्या प्लगला चुंबक असते. त्यावर राखेसारखा बारीक लगदा जमणे स्वाभाविक आहे; नखाएवढे कपचे मिळाले तर दाते तुटू लागले आहेत.

पाणी आढळल्यास सगळे तेल काढून टाकावे, साधे स्वस्त गिअर ऑइल भरून काही किलोमीटर गाडी फिरवावी, ते गरम असतानाच पुन्हा काढावे आणि मग गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे तेल भरावे. मधल्या धुण्यासाठी डिझेल किंवा रॉकेल वापरण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. कोपऱ्यांत राहिलेले डिझेल नव्या तेलाला पातळ करते, म्हणून ती टाळलेली बरी. ब्रीदर काढून फुंकून पाहावा. तो बुजलेला असेल तर नवे तेलही महिनाभरात त्याच वाटेने जाईल.

मोटारींपैकी बहुसंख्य लहान गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या असतात. त्यांना मागे असा गोळा नसतो. डिफरेन्शिअल गिअरबॉक्सच्याच पोटात असते. त्यांच्या मालकांनी गिअरबॉक्सचे तेल तपासून घ्यावे, आणि तेथे जीएल-4 सांगितलेले असताना 'भारी' म्हणून जीएल-5 ओतू देऊ नये. त्यातील द्रव्ये पितळी भागांना बाधू शकतात. स्वयंचलित गिअरबॉक्सच्या वाटेला घरी जाऊच नये. गोव्यात ज्या वाहनाविना पान हलत नाही, त्या स्कूटरच्या मागच्या चाकालाही गिअर ऑइल असते, अवघे शंभर-सव्वाशे मिलिलिटर. इंजिन ऑइल बदलताना ते बदलले का, हे विचारणारा ग्राहक विरळाच. तुंबलेल्या पाण्यातून रोज कामावर जाणाऱ्या स्कूटरला ते पावसाळ्याच्या अखेरीस बदलून देणे एका जेवणापेक्षा महाग नाही.

विम्याच्या बाजूने पाहिले तर चित्र फारसे दिलासादायक नाही. सर्वसमावेशक वाहन विम्यात पूर आणि जलमय होणे ही जोखीम समाविष्ट असते. परंतु झीज, यांत्रिक बिघाड आणि परिणामस्वरूप नुकसान वगळलेले असते. जुलैत पाणी शिरले आणि डिसेंबरात दाते गेले, तर विमा कंपनीच्या लेखी ती झीज ठरण्याची शक्यता अधिक. इंजिन संरक्षणाचे जे जादा कलम विकले जाते, त्यात काही कंपन्या गिअरबॉक्स आणि डिफरेन्शिअलही धरतात, काही धरत नाहीत. पुराच्या आठवड्यातच तेल काढून, त्याचे छायाचित्र आणि गॅरेजची तारीखवार पावती ठेवणारा मालकच आपली बाजू मांडू शकतो. येथेही तपासणीचा तोच अर्धा तास कामी येतो.

राहता राहिले ते काढलेले तेल. जळके ऑइल म्हणून ते कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासले जाते, गॅरेजमागच्या मातीत ओतले जाते, कधी गटारात जाते. 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे, आणि 1 एप्रिल 2024 पासून तर ते परत गोळा होण्याची जबाबदारी तेल उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. कायदा असा स्पष्ट असला तरी गावातल्या एका माणसाच्या छोट्या गॅरेजपर्यंत गोळा करणारी गाडी पोचत नसेल, तर त्या मेकॅनिकने ते पाच लिटर तेल घेऊन कोठे जावे? पंचायतींनी सुका कचरा गोळा करण्याची घडी बसवली आहे. त्याच फेरीत महिन्यातून एक दिवस जळक्या तेलाचे कॅन घेण्याची सोय करणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. कुळे, मोले, उसगाव, वाळपई या पट्ट्यातील पंचायतींनी त्याची सुरुवात करावी, कारण त्यांच्या गटारांचे पाणी खांडेपार आणि म्हादईलाच मिळते, आणि दूधसागरची वाट पुन्हा उघडते तीही त्यांच्याच दारातून.